२८ ऑक्टोबर : मिल्वियन पुलाजवळची लढाई आणि वाढत गेलेली गोष्ट



आजच्या दिनविशेषात आपण बरंच मागे जाणार आहोत. तारीख २८ ऑक्टोबर, साल ३१२. ठिकाण रोम शहराच्या उत्तरेला टायबर नदीवरचा मिल्वियन पूल. या दिवशी इथे दोन रोमन सम्राट एकमेकांशी लढले. एक जण नदीत बुडून मेला. दुसऱ्याने पुढे ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला आणि युरोपच्या इतिहासाची दिशा बदलली.

पूल आजही उभा आहे. दगडी बांधकाम मुळात इसवी सनापूर्वी १०९ मधलं, नंतर अनेकदा डागडुजी झालेलं. आता त्यावर गाड्या नेत नाहीत, लोक पायी फिरतात. २००६ साली आलेल्या एका इटालियन कादंबरीत प्रेमी जोडपं या पुलावरच्या दिव्याच्या खांबाला कुलूप लावून किल्ली नदीत फेकतं. मग काय, खरोखरची जोडपी तेच करू लागली. पुढच्याच वर्षी एक खांब कुलपांच्या ओझ्याने मोडकळीला आला. शेवटी २०१२ मध्ये पालिकेने सगळी कुलपं काढून नेली. लढाईला बरोबर १७०० वर्षं झाली, त्याच वर्षी!

पण कुलपं राहू द्या. या लढाईबद्दल तुम्ही थोडंफार ऐकलं असेल तर ते असं असेल : आकाशात क्रूस दिसला, सम्राटाने तो ढालींवर काढला, लढाई जिंकली आणि ख्रिस्ती झाला. गोष्ट छान आहे. मात्र ती त्या दिवशी अशी नव्हती. पुढच्या पंचवीस वर्षांत ती थोडी थोडी वाढत गेली, आणि कुठे कुठे वाढली हे आपल्याला आजही पाहता येतं. म्हणूनच मला ती सांगावीशी वाटली.

मेहुण्या-मेहुण्यांचं भांडण

आधी हे दोघे कोण ते पाहू. रोमचं साम्राज्य एका माणसाला सांभाळणं कठीण, म्हणून सम्राट डायोक्लेशियनने चार राज्यकर्त्यांची पद्धत सुरू केली होती. ३०५ मध्ये तो स्वतःहून निवृत्त झाला आणि गादीसाठी जी रस्सीखेच सुरू झाली ती वीस वर्षं चालली. सगळी नावं देत बसलो तर तुम्ही मोबाइल बाजूला ठेवाल, त्यामुळे आपल्या कामाची दोनच घेतो.

कॉन्स्टंटाइनचे वडील ३०६ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क इथे वारले आणि सैन्याने तिथेच त्याला सम्राट म्हणून घोषित केलं. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला रोममध्ये मॅक्सेंटियसने सत्ता हाती घेतली. तोही जुन्या सम्राटाचाच मुलगा. ३०७ मध्ये कॉन्स्टंटाइनने मॅक्सेंटियसच्या बहिणीशी, फाउस्टाशी, लग्न केलं. म्हणजे हे दोघे चक्क मेहुणे! राजकारणातली सोयरीक, टिकायची तितकीच टिकली.

ख्रिस्ती लोकांचं काय चाललं होतं? ३०३ पासून त्यांचा फार मोठा छळ सुरू होता. प्रार्थनास्थळं पाडली, धर्मग्रंथ जाळले, रोमन देवांना नैवेद्य दाखवायला नकार देणाऱ्यांना कोठडीत टाकलं, अनेकांना ठार मारलं. पूर्वेकडच्या प्रांतांत हे जास्त झालं, पश्चिमेकडे कमी. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ३११ मध्ये, म्हणजे आपल्या लढाईच्या आदल्याच वर्षी, गॅलेरियस नावाच्या सम्राटाने मरणाच्या दारात असताना छळ थांबवण्याचं फर्मान काढलं. एके काळी छळात सगळ्यांत पुढे असलेला हाच माणूस. आणि रोममध्ये मॅक्सेंटियसने तर त्याआधीच छळ थांबवला होता आणि चर्चची जप्त झालेली मालमत्ताही परत केली होती.

म्हणजे मिल्वियन पुलाजवळ एकीकडे ख्रिस्ती धर्माचा रक्षक आणि दुसरीकडे त्याचा वैरी असं चित्र नव्हतं. लढाई रोमच्या गादीसाठी होती.

तट सोडून बाहेर का आला?

३१२ च्या वसंतात कॉन्स्टंटाइन आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. सुसा, तुरीन, मिलान, व्हेरोना अशी शहरं घेत तो दक्षिणेकडे सरकला. आता फक्त रोम उरलं.

रोम घेणं मात्र सोपं नव्हतं. शहराभोवती सुमारे १९ किलोमीटर लांबीचा भक्कम तट होता. ३०७ मध्ये दोन वेगवेगळ्या सैन्यांनी रोमवर चाल केली होती आणि दोन्ही हात हलवत परत गेली होती. मॅक्सेंटियसला फक्त आत बसून राहायचं होतं. त्याने मिल्वियन पूलही तोडून ठेवला होता. मग तो बाहेर आला तरी का?

त्या काळचा लेखक लॅक्टँशियस सांगतो की मॅक्सेंटियसच्या राज्यारोहणाचा वर्धापनदिन आला होता आणि त्यासाठी खेळ भरवले होते. तिथे जमलेल्या लोकांनीच ओरडायला सुरुवात केली की कॉन्स्टंटाइनला कोणी हरवू शकणार नाही. स्वतःच्या उत्सवात शत्रूचा जयजयकार! मॅक्सेंटियस हादरला. त्याने रोमचे जुने भविष्यग्रंथ उघडायला लावले. उत्तर मिळालं, त्या दिवशी रोमचा शत्रू मरेल. शत्रू म्हणजे कॉन्स्टंटाइन असा अर्थ त्याने लावला आणि बाहेर पडला. सोयीचा अर्थ लावण्याची ही सवय आपल्याकडच्या ज्योतिषप्रेमी मंडळींनाही अनोळखी नसावी.

तोडलेल्या पुलाशेजारी त्याने होड्यांचा तात्पुरता पूल बांधला, सैन्य पलीकडे नेलं आणि नदीला पाठ देऊन उभं केलं. ही चूक महागात पडली. कॉन्स्टंटाइनच्या घोडदळाचा धक्का बसल्यावर मागे सरकायला जागाच नव्हती. मॅक्सेंटियसचे प्रेटोरियन रक्षक जागचे हलले नाहीत, उभ्या जागी कापले गेले. बाकीचे पुलाकडे धावले. त्या गर्दीत होड्यांचा पूल मोडला आणि माणसं, घोडी, चिलखतं सगळं पाण्यात गेलं. त्यात मॅक्सेंटियसही होता. त्याचं प्रेत नदीच्या चिखलात सापडलं. शीर भाल्यावर लावून रोममध्ये मिरवलं, नंतर ते आफ्रिकेतही पाठवलं, तिथल्या लोकांची खात्री पटावी म्हणून.

दोन्ही बाजूंच्या सैन्याचे आकडे जुन्या लेखकांनी भरपूर फुगवले आहेत, त्यांच्या नादी मी लागत नाही.

पण एक छोटी गोष्ट सांगायलाच हवी. २००५ च्या सुमारास रोममधल्या पॅलाटाइन टेकडीच्या पायथ्याशी उत्खननात लाकडी पेट्या सापडल्या. आत रेशमी आणि तागाच्या कापडात गुंडाळून ठेवलेले राजदंड आणि राजचिन्हं होती. ती मॅक्सेंटियसची असावीत असं संशोधक मानतात. बहुधा लढाईनंतर त्याच्या कुणा निष्ठावंताने ती शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून पुरून ठेवली. जिंकणाऱ्याने मॅक्सेंटियसला जुलमी राजा ठरवलं आणि इतिहासात तो तसाच राहिला. त्या पेट्या पुरणाऱ्याला मात्र तसं वाटत नसावं.

आकाशातला क्रूस कधी आला?

आता मुख्य गोष्टीकडे या. इथे तुम्हाला थोडं सावकाश वाचावं लागेल.

लढाईच्या दोन वर्षं आधी, ३१० मध्ये, एका दरबारी वक्त्याने कॉन्स्टंटाइनसमोर भाषण केलं. त्यात दर्शनाची एक गोष्ट आहे. पण दर्शन कुणाचं? अपोलो देवाचं! कॉन्स्टंटाइनला देवळात अपोलो दिसला आणि त्याने विजयमाला दिल्या, असं तो वक्ता सांगतो. म्हणजे देवाने दर्शन देऊन विजयाचं वचन देण्याची कथा आधीच तयार होती. देव मात्र वेगळा होता.

लढाईनंतरच्या वर्षी, ३१३ मध्ये, दुसऱ्या एका वक्त्याने विजयाचं वर्णन केलं. तो कुणा एका दैवी शक्तीची कृपा मानतो, पण तिचं नाव घेत नाही.

मग येतो लॅक्टँशियस. तो ख्रिस्ती होता, पुढे कॉन्स्टंटाइनच्या मुलाचा शिक्षक झाला. लढाईनंतर दोन-तीन वर्षांत लिहिताना तो सांगतो की कॉन्स्टंटाइनला स्वप्नात आज्ञा झाली आणि त्याने सैनिकांच्या ढालींवर ख्रिस्ताची खूण काढून घेतली. स्वप्न आहे, आकाशातलं काही नाही.

याच सुमाराला पॅलेस्टाइनमधला बिशप युसेबियस चर्चचा इतिहास लिहीत होता. त्यातही लढाई आहे. देवाच्या मदतीने विजय झाला असं तो म्हणतो, नदीत बुडणाऱ्या मॅक्सेंटियसची तुलना बायबलमधल्या समुद्रात बुडालेल्या फारोशी करतो, पण दर्शनाचा उल्लेखही करत नाही.

३३७ मध्ये कॉन्स्टंटाइन वारला. त्यानंतर याच युसेबियसने त्याचं चरित्र लिहिलं, आणि तिथे ती प्रसिद्ध गोष्ट पहिल्यांदा भेटते : दुपार कलत असताना सूर्याच्या वर प्रकाशाचा क्रूस, त्यासोबत या खुणेने विजय मिळव अशा अर्थाची अक्षरं, साऱ्या सैन्याने पाहिलेलं दृश्य, आणि त्या रात्री स्वप्नात आलेला ख्रिस्त. सम्राटाने हे आपल्याला स्वतः, शपथेवर सांगितलं, असं युसेबियस आवर्जून नोंदवतो. म्हणजे ही गोष्ट खुद्द कॉन्स्टंटाइनची आहे, पण म्हातारपणी मागे वळून पाहताना सांगितलेली.

मग तो खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. विजयाने माणसाचा विश्वास पक्का होतो आणि विश्वास पक्का झाला की जुन्या आठवणीही त्याच रंगात दिसू लागतात. घरातल्या ज्येष्ठांकडून एकच प्रसंग दहा वर्षांच्या अंतराने दोनदा ऐका, मग कळेल.

याला एक दगडी साक्षीदारही आहे. रोममध्ये कोलोसियमशेजारी कॉन्स्टंटाइनची कमान आहे. याच विजयाच्या स्मरणार्थ रोमच्या सिनेटने ती बांधली, ३१५ मध्ये तिचं लोकार्पण झालं. तिच्यावर पुलाजवळची लढाई कोरलेली आहे, पाण्यात पडणारे सैनिक कोरलेले आहेत. वर रथातला सूर्यदेव आहे, अपोलोला अर्पण चाललंय, डायनाला चाललंय. क्रूस कुठेही नाही. लेखात सम्राटाने दैवी प्रेरणेने विजय मिळवला असं म्हटलंय, पण ती प्रेरणा कुठल्या देवाची हे मोठ्या चतुराईने वगळलंय. ख्रिस्ती वाचकाला त्यात ख्रिस्त दिसावा, जुन्या वळणाच्या सरदाराला त्याचा देव दिसावा.

रोमने हा दिवस पुढे कसा पाळला? ३५४ सालचं एक रोमन कॅलेंडर आपल्याला माहीत आहे. त्यात २८ ऑक्टोबरसमोर जुलमी राजाला हाकलल्याचा दिवस आणि २९ ला सम्राटाच्या नगरप्रवेशाचा दिवस अशी नोंद आहे. धर्माचं नाव नाही. आज आपल्या डोळ्यांसमोर येणारं चित्र त्यापेक्षा बरंच नंतरचं. व्हॅटिकनमधल्या एका दालनात राफाएलच्या शिष्यांनी त्याच्या मृत्यूनंतर, १५२० नंतरच्या काही वर्षांत, ही लढाई भिंतभर रंगवली, क्रूस लावलेल्या निशाणांसकट.

मिलानहून निघालेलं पत्र

माझ्या मते लढाईपेक्षा मोठी गोष्ट घडली ती पुढच्या फेब्रुवारीत. ३१३ मध्ये मिलानला कॉन्स्टंटाइन आणि पूर्वेचा सम्राट लिसिनियस भेटले. लिसिनियसचं कॉन्स्टंटाइनच्या सावत्र बहिणीशी लग्न झालं. पुन्हा मेहुणाच! तिथे जे ठरलं त्याला 'मिलानचं फर्मान' म्हणतात. आपल्यापर्यंत ते आलंय लिसिनियसने पूर्वेकडच्या अधिकाऱ्यांना धाडलेल्या पत्रातून.

त्या पत्रात काय आहे? ख्रिस्ती लोकांच्या जप्त केलेल्या जागा विनामूल्य परत करा. मधल्या काळात कुणी त्या विकत घेतल्या असतील तर त्यांनी सरकारकडे भरपाई मागावी. पण त्याहून महत्त्वाचं असं की केवळ ख्रिस्ती लोकांना नव्हे, सगळ्यांनाच आपापला धर्म पाळायची मोकळीक दिली आहे. कारणही व्यवहारी : आकाशात जे कुणी दैवत असेल ते आमच्यावर प्रसन्न राहावं. दहा वर्षं माणसं जाळून, कापून पाहिल्यावर एका साम्राज्याने लिहिलेलं हे वाक्य आहे. मला ते कमानीपेक्षा भव्य वाटतं.

पुढे कॉन्स्टंटाइनने चर्चला भरभरून दिलं. मॅक्सेंटियसच्या बाजूने लढलेल्या घोडेस्वार रक्षकांची छावणी त्याने पाडली आणि त्या जागेवर मोठं चर्च बांधलं. तेच आजचं लॅटरन. पोपचं स्वतःचं कॅथेड्रल सेंट पीटर्स नव्हे, हे लॅटरन आहे. त्याच्या जमिनीखाली छावणीचे अवशेष आजही आहेत.

३२१ मध्ये त्याने आणखी एक कायदा केला, ज्याचा फायदा तुम्ही-आम्ही दर आठवड्याला घेतो. सूर्याच्या वारी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवावीत. शेतकऱ्यांना सूट, कारण पेरणीची वेळ थांबत नाही. कायद्यात ख्रिस्ताचं नाव नाही, सूर्याचं आहे. आपणही रविवारच म्हणतो की! युरोपातून इंग्रजांबरोबर ही सुट्टी भारतात आली, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती आयती मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, रविवार हा खंडोबाचा वार आहे असंही मालकांना ऐकवलं, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी ती मान्य झाली.

कॉन्स्टंटाइन संत होता असं मात्र समजू नका. ३२४ मध्ये त्याने लिसिनियसला हरवलं, जीवदान देण्याचं वचन दिलं आणि नंतर मारून टाकलं. ३२६ मध्ये थोरला मुलगा क्रिस्पस आणि पत्नी फाउस्टा दोघांनाही मरावं लागलं, त्याच्याच हुकमाने. बाप्तिस्मा त्याने घेतला तो मरणशय्येवर.

अडुसष्ट वर्षांनी

मिलानच्या पत्रातली मोकळीक किती टिकली? ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने एका विशिष्ट पंथाचा ख्रिस्ती धर्म हाच प्रजेचा धर्म असं फर्मान काढलं. त्याचा पहिला फटका बसला तो दुसऱ्या मताच्या ख्रिस्ती लोकांनाच. ३९१-९२ मध्ये जुन्या देवांची पूजा कायद्याने बंद झाली. अलेक्झांड्रियातलं सेरापिसचं प्रचंड देऊळ याच सुमाराला जमीनदोस्त झालं.

या मधल्या काळातला एक माणूस मला फार आवडतो. सिमॅकस. रोमच्या सिनेटच्या सभागृहात विजयदेवतेची एक वेदी होती, ती हटवण्यात आली. ३८४ मध्ये सिमॅकसने ती परत ठेवण्यासाठी दरबारात अर्ज केला. त्याचं म्हणणं साधं होतं : सगळे त्याच आकाशाखाली राहतो, तेच तारे पाहतो, मग एवढ्या मोठ्या रहस्याकडे जाणारा रस्ता एकच कसा असेल? आपल्या कानांना हे किती ओळखीचं वाटतं ना? मिलानचे बिशप अँब्रोज यांनी कडक विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला. मिलानचे! सत्तर वर्षांपूर्वी जिथे सर्वांना मोकळीक देण्याचं ठरलं, त्याच शहरातून.

पुलाशी संबंध नसलेले ख्रिस्ती

ख्रिस्ती धर्म वाढला तो कॉन्स्टंटाइनमुळे, असं सरसकट म्हणतात. ते रोमपुरतं बरंचसं खरं. पण आर्मेनियाच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला ते परंपरेने ३०१ साल मानतात, पुलाच्या लढाईच्या आधीचं. आणि रोमच्या पूर्वेला इराणी साम्राज्यात ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने राहत होते. कॉन्स्टंटाइनने इराणचा राजा दुसरा शापूर याला पत्र लिहून त्यांना सांभाळण्याची शिफारस केली. परिणाम उलटा झाला. शत्रूचा सम्राट ज्यांची बाजू घेतो ते शत्रूचेच हस्तक, असा संशय बळावला. ३४० च्या सुमाराला इराणात ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला आणि त्यांचा प्रमुख बिशप शिमोन याला ठार मारण्यात आलं. रोममध्ये ज्या विजयाने ख्रिस्ती सुटले, त्याची किंमत इराणातल्या ख्रिस्ती लोकांनी मोजली.

याच इराणी चर्चशी आपल्या देशाचा जुना संबंध. केरळातले ख्रिस्ती लोक आपली परंपरा थेट संत थॉमसपर्यंत, इसवी सन ५२ पर्यंत नेतात. त्यांची उपासना सिरियाक भाषेत होती, बिशप पश्चिम आशियातून येत. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी, जो पुढे साधू झाला, त्याने आपल्या ग्रंथात नोंद केली की मिरी पिकते त्या मलबारात ख्रिस्ती लोक आहेत आणि 'कल्लियाना' नावाच्या बंदरात इराणहून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं मुंबईजवळचं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. रोज सकाळी लोकलसाठी धावपळ चालते, तेच कल्याण.